नोकरीचं स्थळ

बीड जिल्ह्यात ज्याचं लग्न जमत नाही आणि ज्याला नोकरी लागत नाही, अशी दोन्ही माणसं दहा ठिकाणी हिंडून शेवटी एकाच दाराशी येतात, आणि ते दार धारूरला माझ्या आत्याच्या घराचं आहे. आत्याच्या यजमानांनी सोयरिकी जमवता जमवता लोकांच्या नोकऱ्याही जमवायला घेतल्या, आणि या दोन कामांत काही फरक असतो हे त्यांनी आजतागायत मान्य केलेलं नाही. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणते. मामांची धारूरच्या घाटाखाली चांगली शेती आहे, घरात कशाची ददात नाही, त्यामुळं कुणाकडून एक पैसा घेत नाहीत. मानाची टॉवेल-टोपी तेवढी घेतात. ती नाही मिळाली तर तोंडानं काही म्हणत नाहीत, पण पुढची दोन वर्षं त्या घरचा चहा त्यांना गुळमट लागतो. घरात टॉवेलांच्या अशा चळती साठल्या आहेत की आत्या फरशीसुद्धा कोऱ्या करकरीत टॉवेलानं पुसते, आणि पुसताना कुणाच्या लग्नातला कुठला ते सांगते. दोघांना मूलबाळ नाही. त्यामुळं आम्हा भाचरांवर त्यांचा जीव फार, आणि हुकूम त्याहून जास्त.

मामांना पाहिलं नसेल तर ऐकलं तरी असेल. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरमागं घामासाठी दस्ती, आणि आवाज असा की फोनवर बोलायला लागले की फोन कशाला घेतलाय असा प्रश्न पडावा. सोयरीक बघायला गेले की बैठकीत बसत नाहीत, आधी मागच्या दारानं गोठ्यात जातात. गोठा बघितला की घर कळतं म्हणे. मग शेजारी विचारतात, मग किराणा दुकानात विचारतात, आणि मग येऊन पोहे खातात. पण त्यांचं खरं शास्त्र खोट सांगण्याचं. "आपल्या माणसाची एक खोट आपणच आधी सांगून टाकायची. न्हाईतर पावणे घरी जाऊन दहा शोधत्यात." एकदा भरल्या बैठकीत, मुलाकडच्यांचे चेहरे पांढरे पडत असताना, मामा उठून म्हणाले, "पोरगा डाव्या पायानं जरा लंगडतो. पळायचं काम असंल तर आत्ताच सांगा!" बैठक हसली, मुलीचा आजा तर खोकला येईपर्यंत हसला, आणि तासाभरात कुंकू लागलं. त्या जोडप्याची लेकरं आता शाळेत जातात आणि चांगली पळतात.

नोकऱ्यांकडं ते वळले तेही लग्नापायीच. हल्ली कुठंही जा, मुलीकडचे म्हणतात नोकरीवाला पाहिजे. शेती पाहिजे, पण मुलगा शेतात नको. मामांच्या हातातली चांगली चांगली पोरं अशी पडून राहिली. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आधी नोकरी जमवू, लग्न आपोआप जमेल. एका पोराला म्हणाले, "दाखीव बे, काय लिहून पाठवतोस कंपनीला." त्यानं मोबाइलवर अर्जासोबतचं पत्र दाखवलं. मी मेहनती, प्रामाणिक आणि होतकरू असून मला संधी द्यावी, असं काहीसं होतं. मामांनी कपाळावर हात मारला. "होतकरू म्हंजे अजून काहीच झालेला न्हाई तो! आन् प्रामाणिक कावून लिहिलंस? चोरानं काय चोर म्हणून अर्ज केलाय का कधी? आमी पोरगा निर्व्यसनी हाय म्हणलो की पावणे आधी त्याचे दात बघत्यात." त्या दिवसापासून मामा पत्रं सांगायला लागले. लिहायचं ज्याचं त्यानं, इंग्रजी करायचं तेही त्यानंच. मामा फक्त ओसरीवर येरझाऱ्या घालत मराठीतून सांगणार.

आणि काय एकेक नियम! पत्र कुणाच्या नावानं जाणार हे ठाऊक झाल्याशिवाय ओळ पुढं सरकत नसे. 'माननीय महोदय' त्यांना चालायचं नाही. "सोयरिकीला गेलो आन् व्याह्याचं नावच ठाऊक न्हाई, असं जमतंय का कुठं?" मग त्या पोरानं चार ठिकाणी फोन फिरवून साहेबाचं नाव काढायचं. दुसरा नियम, आपल्याला काय पाहिजे ते खाली, त्यांच्या घरात काय नडलंय ते वर. तिसरा, खोट एकच सांगायची, दोन सांगितल्या की पाहुणे उठतात. आणि सगळं झालं की पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. इंग्रजी असलं तरी मामा डोळे मिटून ऐकायचे, आणि मध्येच बोट वर करायचे. "थांब. हितं आवाज घसरला तुझा. हितं खोटं हाय काही तरी." आणि खरंच तिथं काही तरी फेकाफेक असायची. पोरं चकित व्हायची. मामांना त्या इंग्रजीतलं फार तर 'सर' आणि 'थँक यू' कळत असेल, पण माणसाचा आवाज त्यांना पक्का कळायचा. शेवटी 'सिन्सिअरली' आलं की विचारायचे, "हे काय?" 'आपला विश्वासू' म्हणून सांगितलं की तोंड वाकडं करायचे. "एवढं सगळं ऐकून कळलं न्हाई तर आता सांगून कळतंय व्हय?"

नेम दरवेळी बसायचाच असं नाही, खोटं कशाला सांगू. एका पोराला त्यांनी 'मला भूक लागली की मी चिडतो' ही खोट लिहायला लावली, आणि नोकरी होती दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची. उत्तरसुद्धा आलं नाही. पोरगा रडकुंडीला आला, तर मामा म्हणाले, "बरं झालं. भुकेल्या माणसाला समजून घेत न्हाई ते घर आपल्याला कशाला?" आत्या आतून म्हणाली, "त्या घराला काय, ह्या घरात तरी कोण समजून घेतंय!" कारण त्या दिवशी पत्रापायी दुपारचं जेवण चार वाजता झालं होतं.

आता माझं सांगते. आमचं गाव उमापूरजवळ. मी बीएस्सी केलं, आणि मला जालन्याच्या एखाद्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. बी रुजतं की नाही हे बघण्यात मला लहानपणापासून भारी गंमत वाटायची. पण अर्जामागून अर्ज गेले, कुठून हाक नाही. पत्रं मी इंटरनेटवरून उतरवत होते. इतकी गोड, इतकी वाकलेली, की मलाच वाचताना कुणा दुसऱ्याच बाईचं वाचतेय असं वाटायचं. वडिलांचा धीर सुटला. म्हणाले, "दिवाळीपतूर नोकरी लागली तर खुशाल जा. न्हाईतर तुळशीचं लग्न झालं की तुझा बार उडवायचा." स्थळ तयारच होतं, कडा गावचं. बागायती घर, मुलगा एकुलता, माणसं चांगली. अट एकच, सुनेनं नोकरी करायची नाही, घरात काय कमी आहे. आणि हे स्थळ आणलं होतं कुणी? आमच्याच मामांनी! माझा असा संताप झाला होता की त्यांचा फोन आला तरी मी उचलत नव्हते. हा माणूस साऱ्या जिल्ह्याला नोकरीची पत्रं सांगतो, आणि घरच्या पोरीला मात्र मांडवात उभी करतो!

लग्नाची यादी कधी करायची हे ठरवायला मामा घरी आले. सवयीप्रमाणं बैठकीत न बसता मागच्या दारानं गोठ्याकडं निघाले. तिथं मी हौदावर कपडे धूत होते. मी मान वर केली नाही. ते थोडा वेळ म्हशीशी बोलले, मग म्हणाले, "पोरी, तुझे वडील म्हणले तू राजी हाइस. मला तुझ्या तोंडानं सांग."

"आत्ता विचारताय?" मी पिळा तसाच हौदावर आपटला. "सगळ्या जगाच्या पोरींना विचारता. पोरीच्या तोंडून होकार ऐकल्याबिगर सुपारी फोडत न्हाई म्हणता. मला विचारलं का कुणी? ते घर चांगलं असंल मामा, पण मला तिथं जायचं न्हाई. मला नोकरी करायचीय."

मामा घमेलं पालथं घालून त्यावर बसले. पांढऱ्या विजारीला शेण लागतंय याचंही भान राहिलं नाही. मग म्हणाले, "न्हाई विचारलं. घरचीच पोरगी म्हणून न्हाई विचारलं. चुकलं माझं." आणि दस्तीनं तोंड पुसून लगेच, "बरं, स्थळ कोणतं बघितलंस?"

मी म्हटलं, "मामा, माझं कुणाशी काही न्हाई हो!"

"अगं, नोकरीचं!"

मी जालन्याच्या एका कंपनीचं नाव सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात मामा ते घर बघायला गेले. हो, घर बघायलाच. जीपमध्ये दोन जाणती माणसं घेतली, फेटे बांधले, आणि तिघं कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वॉचमनला वाटलं बियाण्याची तक्रार घेऊन आले. मामा म्हणाले, "तक्रार न्हाई, पोरगी द्यायचीय." वॉचमननं गेट लावून घेतलं. मग मामांनी समोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं आणि टपरीवाल्याला तेच सगळे प्रश्न विचारले, जे सोयरिकीत शेजाऱ्याला विचारतात. मालक तापट हाय का? पगार वेळेवर होतो का? पोरी टिकतात का, का वर्षाच्या आत माहेरी येतात? पाण्याची सोय कशी हाय? टपरीवाला सांगत गेला. प्रयोगशाळा एक मॅडम सांभाळतात, शिस्तीच्या आहेत, पण माणूस चांगलं. मागच्या हंगामात मात्र एक बियाणं उगवलंच नाही, शेतकरी गेटवर येऊन ओरडून गेले. तपासणाऱ्या पोराला आधीच शंका आली होती, पण वरच्यांना सांगायची त्याची छाती झाली नाही. मामांनी मॅडमचं नाव विचारून घेतलं, चहाचे पैसे दिले आणि तडक धारूरला आले. आल्या आल्या मला फोन, "पोरी, घर पसंत हाय. ये."

मी धारूरला गेले. मामा ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले, मी पाटावर लॅपटॉप ठेवून बसले. पहिलाच प्रश्न, "तुझ्यात खोट काय?"

"माझ्यात? काही न्हाई."

आतून आत्या ओरडली, "फटकळ हाय लई! लहान-मोठं बघत न्हाई!"

"लिही," मामा म्हणाले. "मी फटकळ हाय."

"मामा, नोकरी मागायला चाललेय का भांडायला?"

"औंदा पेरणीच्या वक्ताला बापाला काय म्हणालतीस, ते सांग आधी."

आता ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं. घरचं सोयाबीन पेरायला काढलं होतं, आणि मी त्यातल्या मूठभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. उलगडून पाहिलं तर निम्म्याही रुजल्या नव्हत्या. वडील तिफण जुंपायच्या तयारीत, चार माणसं समोर उभी, आणि मी गोणपाट त्यांच्यापुढं पसरून म्हटलं, हे बी पेरू नका, वाया जाईल. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुपचूप गेवराईहून दुसरं बी घेऊन आले.

"हेच लिही. जसंच्या तसं. त्या घराला गोड बोलणारी नकोय गं, ती त्यांना लई मिळतील. त्यांना बी खराब हाय हे तोंडावर सांगणारं माणूस पायजे. आन् ते माणूस आपल्या घरात हाय."

मी लिहिलं. मॅडमच्या नावानं लिहिलं, गोणपाट वर, डिग्री खाली. मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी बोट वर झालं. तिथं मी इंटरनेटवरचं एक वाक्य हळूच ठेवून दिलं होतं, सर्वांशी जुळवून घेते म्हणून. त्याचा अर्थ सांगितल्यावर आत्या आतून हसली. मी ते काढलं. पत्र इतकं आखूड झालं की मला पाठवायची लाज वाटत होती. मामा म्हणाले, "बोलणी लांबली की सोयरीक मोडते. पाठीव."

बोलावणं आलं. मॅडमनी माझ्या मार्कांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "मग वडील काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि इथं मी पेर म्हणाले तर?" मी म्हटलं, "तुम्हीही दोन दिवस बोलणार नाही, मॅडम." बाहेर आले आणि वाटलं, घालवली नोकरी स्वतःच्या तोंडानं. पण दिवाळीच्या आधी, घरात करंज्या चालल्या असताना, नेमणुकीचं पत्र आलं. वडिलांनी शब्द पाळला. जा म्हणाले, पण पोचवायला येणार नाही म्हणाले, आणि पाठ फिरवून शेतात गेले.

कड्याला नकार सांगायला मामा एकटेच गेले. जीप नाही, जाणती माणसं नाहीत, फेटा नाही. तिथंही आपला नियम सोडला नाही. बैठकीत बसायच्या आधीच म्हणाले, "खोट पोरीत न्हाई, माझ्यात हाय. मी तिला न विचारता तुमच्या दारात आलतो." त्यांनी मामांना पाणी दिलं, पण पुन्हा आमच्या उंबऱ्याला येऊ नका असंही सांगितलं. 'मी जमवलेली एक तरी सोयरीक मोडलेली दाखवा' ही मामांची बढाई त्या दिवशी संपली. तिकडच्या अंगाची बोलावणी पुढं आलीच नाहीत. हे मला मामांनी कधी सांगितलं नाही, आत्यानं सांगितलं, आणि सांगताना कुठला तरी कोरा टॉवेल घेऊन फरशी पुसत होती.

रुजू व्हायच्या दिवशी मला पोचवायला मामा आणि आत्याच आले. आत्या तर वळकटी घेऊनच आली. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण जाते ना, तशी आठवडाभर माझ्या खोलीवर राहायला! मामांनी बुंदीच्या लाडवांचा डबा धरला होता. वॉचमननं त्यांना ओळखलं आणि या खेपेला गेट उघडलं. नेमक्या मॅडम गाडीतून उतरत होत्या. मी म्हणतेय, मामा, नका हो, इथं असं काही नसतं. पण ऐकतील तर ते मामा कसले! डबा मॅडमच्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडले. मुलीला सासरी पाठवताना बाप व्याह्यांपुढं हात जोडून जे बोलतो, ते मामांनी किती मांडवांत किती बापांना कानात सांगून बोलायला लावलं असेल. स्वतःला ते बोलायची पाळी कधी आलीच नव्हती. "बाई," ते म्हणाले, "आमची पोरगी फटकळ हाय. पण खोटं बोलायची न्हाई. चुकलं तर पदरात घ्या." आणि 'आमची पोरगी' म्हणताना त्यांचा आवाज घसरला. मामांच्याच नियमानं ते खोटं ठरायला पाहिजे. पण माझ्या आयुष्यात त्याहून खरं वाक्य कुणी बोललेलं नाही. मॅडमनी डबा छातीशी धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घेऊ, काका."

आता बरीच वर्षं झाली. वडील कधीच निवळले, पेरणीआधी बी पिशवीत घालून मला पाठवतात. मामांच्या ओसरीवर मात्र पहिल्यासारखी पोरं येत नाहीत. लग्नं मोबाइलवर जमतात, आणि पत्रंही मोबाइलच लिहून देतो. कुणी तरी असं एक पत्र मामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "ह्यात खोटच न्हाई. मग माणूस कुठं हाय?" शर्टाची इस्त्री अजून कडक आहे, पण कान गेले. शेजारी बसून ओरडलं तरी निम्मंच पोचतं.

मी सुटीला धारूरला गेले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, सासर कसं हाय?"

"चांगलं हाय, मामा."

"हिकडची आठवण येती का?"

"न्हाई हो," मी मोठ्यानं म्हणते, "कामात येळ कुठं मिळतोय आठवण काढायला!" आणि म्हणताना माझा आवाज घसरतो, दरवेळी तिथंच. पूर्वी मामांनी डोळे मिटून बोट वर केलं असतं. आता ते नुसते माझ्या ओठांकडं बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "मग बरं हाय."